माझा भाऊ निवडलेला नव्हता का?

ताई, सलाम. मी पिंपरीत राहते, माहेर नगर जिल्ह्यातलं. आठ महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला, वय ३९. दारूने यकृत गेलं होतं. गेली दहा-बारा वर्षं नाताळ सोडला तर तो देवळात आलाच नाही. मागच्या महिन्यात आमच्या घरगुती प्रार्थनासभेत रोमकरांस पत्राचा नववा अध्याय चालू होता. सभा चालवणारे भाऊ म्हणाले, एकाच आईच्या पोटी दोन मुलं, जन्मायच्या आधीच देवाने एकाला निवडलं आणि एकाला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमच्या घरातही देवाने हेच दाखवलं. हे स्वीकारा म्हणजे शांती मिळेल." शेजारी आई बसली होती. त्या दिवसापासून ती देवळात गेलेली नाही, जेवते तेही नावाला. भाऊ गेला त्याच्या आधीच्या ३१ डिसेंबरला, गठ्ठ्यातून उचलायच्या वचनाच्या कार्डांत, तिला यिर्मया २९:११ ('माझे संकल्प हिताचे आहेत') हे कार्ड निघालं होतं. ते तिने त्याच्या उशाखाली ठेवलं होतं. आता विचारते, "वचन खोटं होतं, की आपण करारातच नव्हतो?" शेवटच्या आठवड्यात भावाने तिला गीत म्हणायला सांगितलं होतं. पण ते ती कोणाला सांगत नाही, म्हणते "ते धरलं जाणार नाही." त्याच्या दोन मुलांचं काय? मी गट सोडू का? आईला काय सांगू?
एक बहीण

प्रिय बहिणीस, सलाम.

दुःखातल्या माणसाला उत्तराआधी दोन पानं वाचायला लावू नयेत, म्हणून उत्तर आधी देते. तुमचा भाऊ निवडलेला नव्हता, हे त्या गृहस्थांना माहीत नाही. होता की नव्हता हे मलाही माहीत नाही, तुमच्या पाळकांनाही नाही. तशी यादी पवित्र शास्त्राने कोणाच्या हातात वाचायला दिलेली नाही. आणि जे माहीत नाही ते एका आईच्या तोंडावर तिच्या गेलेल्या मुलाबद्दल सांगायचं, याला मी शिकवण म्हणणार नाही.

तुम्हाला वाटेल ताई मऊ सांगताहेत, ते भाऊ कडू पण खरं सांगत होते. तर मग कडक माणसांकडेच जाऊ. देवाने जगाच्या स्थापनेपूर्वी काहींना निवडलं, ही शिकवण सगळ्यात ठामपणे मांडणाऱ्यांत जिनिव्हाच्या जॉन कॅल्विनचं नाव पहिलं येतं. त्याच्या मोठ्या ग्रंथाची शेवटची आवृत्ती १५५९ सालची. त्यात तो म्हणतो की आपली निवड पाहायची तर ख्रिस्त हाच आरसा, दुसरीकडे शोधायला जाऊ नका. शिवाय प्राचीन धर्मगुरू ऑगस्टीनचा हवाला देऊन सांगतो की निवडलेल्यांत कोण आणि कोण नाही हे आपल्याला ठाऊक नसल्यामुळे सगळ्यांचंच तारण व्हावं अशीच इच्छा आपण धरावी. पुढे १६१८-१९ मध्ये त्याच्या परंपरेतल्या मंडळींची नेदरलँड्समध्ये डॉर्ट इथे परिषद भरली. या शिकवणीला हरकत घेणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांना उत्तर द्यायला भरलेली, म्हणजे मवाळपणाची अपेक्षाच नको. तिच्या ठरावांतसुद्धा लिहिलं आहे की ज्यांना स्वतःबद्दल खात्री वाटत नाही त्यांनी नाकारलेल्यांचा विषय निघाला म्हणून घाबरू नये आणि स्वतःला त्यांच्यात मोजू नये, कारण देव चेपलेला बोरू मोडत नाही आणि मिणमिणती वात विझवत नाही. याच परंपरेतला वेस्टमिन्स्टरचा १६४६ चा विश्वासांगीकार तर म्हणतो, हे मोठं गूढ आहे, विशेष सावधपणे हाताळा.

म्हणजे ज्यांच्या जोरावर ते भाऊ बोलले त्यांनीच असं बोलायला मनाई करून ठेवली आहे.

सगळे ख्रिस्ती ही शिकवण याच रूपात मानतात असंही नाही. मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३९ मध्ये प्रवचनात तिच्यावर सडकून टीका केली आणि त्यापायी जॉर्ज व्हाइटफील्डसारख्या जुन्या मित्राशी त्याचं बिनसलं. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, अँग्लिकन, बॅप्टिस्ट अशी वेगवेगळी घराणी एका छपराखाली आली. कॅल्विनचे वारस आणि वेस्लीचे वारस आज आपल्याकडे एकाच बाकावर बसतात. वाद मिटलेला नाही, उपासना झाल्यावर चहा मात्र एकत्र होतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता नववा अध्याय. तुमच्या गटात तो दहाव्या वचनापासून सुरू केला असणार, नेहमी तसंच होतं. पण पहिल्या तीन वचनांत पौल, हे पत्र लिहिणारा, रडतो आहे. आपल्या मनाला अखंड वेदना होताहेत असं तो शपथेवर सांगतो. ख्रिस्ताला न मानणाऱ्या आपल्या रक्ताच्या ज्यू भाऊबंदांसाठी मी स्वतः शापित होऊन ख्रिस्तापासून तुटायलाही तयार आहे, इथपर्यंत तो जातो. म्हणजे निवडीवरचा शास्त्रातला हा सगळ्यात अवघड उतारा सुरूच होतो भावांसाठी रडणाऱ्या एका भावापासून. तोच उतारा वापरून बहिणीचे डोळे कोरडे करायला निघणं म्हणजे पुस्तक उलटं धरणं झालं.

मधला भाग कठीण आहे, तो मी गुळात घोळणार नाही. एकाच गोळ्यातून एक भांडं मानाचं आणि एक हलक्या कामाचं घडवणारा कुंभार मलाही टोचतो. पण पौल तिथे थांबत नाही. दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो त्याच भावांच्या तारणासाठी प्रार्थना करतो. सगळं कुंभाराने ठरवून टाकलंय असंच त्याचं म्हणणं असतं तर प्रार्थना कशाला केली असती? अध्यायाच्या शेवटी देव दिवसभर हात पसरून उभा दिसतो, तेही न ऐकणाऱ्या लोकांसमोर. अकराव्यात पौल विचारतो, देवाने आपल्या लोकांना टाकलं का? आणि स्वतःच म्हणतो, कधीच नाही. मग तो आपल्याकडे, बाहेरून आलेल्यांकडे वळून दटावतो: तुम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, कलम करून लावलेल्या, तेव्हा ताठा करू नका. मुळाला तुम्ही धरलेलं नाही, मुळाने तुम्हाला धरलंय.

हे वाचताना मला कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, आठवतात. अलिबाग-रेवदंड्याकडचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव ज्यांना शनवार तेली म्हणायचं ते. रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी आपल्यासारखीच आडनावं, घरात मराठी, आणि मुलगा आठ दिवसांचा झाला की अब्राहामाच्या कराराची खूण म्हणून त्याची सुंता. 'देवाने जुन्यांना सोडलं, आता आपणच निवडलेले' असं कोणी व्यासपीठावरून म्हणालं की माझ्या मनात येतं, रेवदंड्याला जाऊन त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवा. पौल तर त्यांच्याबद्दल लिहितो की देवाची कृपादानं आणि त्याचं बोलावणं परत घेतलं जात नाही.

आणि या तीन अध्यायांच्या शेवटी पौल थकून हात जोडतो. देवाचे निर्णय किती गहन, त्याचे मार्ग किती अगम्य, असं म्हणून थांबतो. पौल जिथे थांबला तिथून तुमचे ते भाऊ पुढे गेले, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

तुमच्या काळजात रुतलं ते मात्र दुसरंच वाक्य असणार: 'मी याकोबावर प्रीती केली आणि एसावाचा द्वेष केला.' एकाच पोटची दोन. पौलाने हे मलाखीच्या पुस्तकातून घेतलं आहे. मलाखी या दोन जुळ्या भावांनंतर कित्येक शतकांनी झाला आणि तो बोलतो आहे दोन राष्ट्रांबद्दल, याकोबाचे वंशज इस्राएल आणि एसावाचे वंशज अदोम. उत्पत्तीतही रिबकेला गरोदरपणी सांगितलं जातं ते हेच, की तुझ्या पोटात दोन राष्ट्रं आहेत. त्या वचनात कोणा एका माणसाच्या स्वर्ग-नरकाचा निवाडा मला तरी दिसत नाही.

शिवाय 'द्वेष' हा शब्द. मूळ इब्री शब्द तोच आहे जो उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात याकोबाच्या पहिल्या बायकोसाठी, लेआसाठी येतो. याकोबाचं प्रेम राहेलवर, लेआ नकोशी. आपल्या कहाण्यांमधली नावडती राणी आठवा, तीच ही. आणि या नावडतीचं देवाने काय केलं? तिची कूस उघडली. तिच्या पोटी यहूदा झाला, यहूदाच्या वंशात दावीद, आणि दाविदाच्या वंशात येशू. नवऱ्याने जिला निवडलं नाही तिच्या कुशीतून देवाने तारणारा आणला. 'निवडलेले आणि नाकारलेले' असे दोन खण करून शास्त्र वाचायला बसलं की लेआ नेमकी कुठल्या खणात ठेवायची ते कळेनासं होतं.

एसावाचंही तसंच आहे. इब्री लोकांस पत्रात त्याला नावं ठेवली आहेत, तेही खरं. एका वेळच्या जेवणासाठी त्याने ज्येष्ठपणा विकला. भूक लागली की पुढचं दिसत नाही, असा माणूस. तुम्हालाही असा एक माणूस माहीत होता. पण वीस वर्षांनी याकोब परत येतो तेव्हा हा नाकारलेला भाऊ चारशे माणसं घेऊन सामोरा येतो, धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो आणि दोघे रडतात. निवडलेला याकोब त्याला म्हणतो, तुझं तोंड पाहिलं आणि जणू देवाचं तोंड पाहिलं. पुढे अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव इस्राएलाला बजावतो, एसावाच्या वंशजांशी भांडण काढू नका, सेईर डोंगर मी त्यांना दिलेला आहे, त्यातली पाऊलभर जमीनही तुम्हाला मिळणार नाही. आणि तेविसाव्या अध्यायाचं सातवं वचन: अदोमी माणसाला तुच्छ मानू नको, तो तुझा भाऊ आहे. हे वचन पाठ करा. याचं काम पुढे आहे.

मग निवड म्हणजे काय? आपल्या भाषेत निवडणं दोन प्रकारचं आहे. एक तांदूळ निवडणं. सुपात घ्यायचे, खडे काढायचे, फेकायचे. तुमच्या गटातले भाऊ निवडीचा अर्थ असा लावतात, आणि सूप स्वतःच्या हातात आहे असंही त्यांना वाटतं. दुसरं बियाणं निवडणं. माझी आजी ज्वारीची टपोरी कणसं रास पडायच्या आधी बाजूला काढायची. त्यातले दाणे राखेत घोळून मडक्यात ठेवायची. घरात खायला नसलं तरी त्या मडक्याला हात लागत नसे. बियाण्याचे दाणे लाडके होते असं कोणी म्हणालं असतं तर आजी हसली असती. ते मातीत गाडायला निवडलेले असायचे, सगळ्या शेतासाठी. बाकीची रास कोणी उकिरड्यावर टाकत नव्हतं, घर तिच्यावरच जगायचं.

अब्राहामाचं बोलावणं या दुसऱ्या प्रकारचं आहे. पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला देव हारानातून उठवतो आणि त्याच दमात सांगतो, तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. मोशे इस्राएलाला सांगतो, तुम्ही संख्येने मोठे म्हणून तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. नीतिमान म्हणूनही नाही, तुम्ही ताठ मानेचे आहात. आमोस तर पुढची पायरी गाठतो. देव म्हणतो, सगळ्या कुळांत मी तुम्हालाच जवळ केलं, म्हणून तुमच्या अपराधांची झडती तुमच्याकडूनच घेईन. आणि शेवटच्या अध्यायात विचारतो, तुम्ही मला कुशी लोकांसारखेच नाही का? तुम्हाला मिसरातून आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून मीच आणलं ना? यशयात देव कोरेश या परक्या राजाला नाव घेऊन बोलावतो, त्याला अभिषिक्त म्हणतो, आणि लगेच सांगतो की तू मला ओळखतही नाहीस. उलट बाजूने पाहा: बारा शिष्यांना येशूने स्वतः निवडलं, आणि योहानाच्या सहाव्या अध्यायात तोच म्हणतो, तुमच्यातला एक सैतान आहे. निवडलं म्हणजे तरला आणि नाही निवडलं म्हणजे बुडाला, हे समीकरण शास्त्राच्या पानांवर टिकत नाही. बियाण्याची उपमासुद्धा फार ओढली तर फाटेल, इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय तिच्यात पूर्ण मावत नाही. पण सुपाच्या उपमेत तर निम्मं शास्त्रच मावत नाही.

एक गोष्ट बोलू की नको असं झालं होतं, बोलतेच. माझे आजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. गावाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं त्यांना करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वाक्य ऐकायला मिळालं, की जगातलं जे हीन, जे धिक्कारलेलं, तेच देवाने निवडलं. आमच्या घरात 'निवडलेले' या शब्दाचा अर्थ हा होता: जन्मावरून तुझा निकाल लावणारं कोणी आता तुझ्यावर नाही. त्याच शब्दाने आज आपण नवी वेस बांधायची आणि एका दारुड्या पोराला जन्माआधीच तिच्याबाहेर होता असं सांगायचं, हे आजोबांना ऐकवलं असतं का मी?

आता आईचा प्रश्न. 'आपण करारातच नव्हतो' हे तिने म्हणणं समजण्यासारखं आहे, कारण करार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अकरा महिन्यांचा भाडेकरार येतो. दोन सह्या, अटी, अटी मोडल्या की घर खाली करा. पोराने अटी मोडल्या, म्हणून देवाने हात काढून घेतला, असा हिशेब तिच्या मनात चालला असेल. शास्त्रात अटींचा करार आहे, नाही म्हणत नाही; अनुवादाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचून अंगावर काटा येतो. पण पहिल्यांदा उत्पत्तीचा पंधरावा वाचा. अब्राम एक कालवड, एक बकरी, एक मेंढा आणून मधोमध चिरतो आणि अर्धी-अर्धी शकलं समोरासमोर मांडतो. त्या काळी करार करणारे अशा शकलांमधून चालत जायचे. याचा अर्थ यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात कळतो: शब्द मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो. पण अब्रामाला गाढ झोप लागते. शकलांमधून जाते ती एक धुमसती शेगडी आणि एक पेटती मशाल. देव एकटाच चालत जातो. म्हातारा झोपलेला असतो. हा भाडेकरार नव्हे.

आणि नवा करार. यिर्मयाच्या एकतिसाव्यात देव म्हणतो, पहिला करार त्यांनी मोडला, आता मी त्यांच्या हृदयावर लिहीन आणि त्यांचं पाप यापुढे आठवणार नाही. त्याच कराराचा प्याला येशूने हातात घेतला तेव्हा मेजाभोवती कोण होतं? लूकच्या बाविसाव्यात विसावं वचन प्याल्याचं आहे आणि एकविसावं, लगेचच, 'मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे.' पेत्रही तिथेच, त्याच रात्री तीनदा नाकारणारा. करार लायक माणसं मोजून झालेला नाही.

यिर्मया २९:११ बद्दल सांगते, पण हे आईला लगेच सांगू नका, आधी तुम्ही समजून घ्या. ते वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमेहून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र. यरुशलेमेत हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येतील असं सांगून टाळ्या घेत होता. यिर्मयाने लिहिलं, घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. आणि मग ते वाक्य, की माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. सत्तर वर्षं म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक जण बाबेलच्याच मातीत जाणार होते. वचन खोटं नव्हतं. पण ते 'या वर्षी तुझ्या घरात कोणी मरणार नाही' असं कधीच म्हणत नव्हतं. आपण कार्ड छापताना पाकीट फेकून दिलं, पत्ता फाडला आणि एक ओळ कापून घेतली.

आमच्या घरी लहानपणी वचनांची डबी होती, कागदाच्या बारीक सुरळ्या आणि एक चिमटा. मला मनासारखं वचन येईपर्यंत मी तीन-तीन सुरळ्या काढायचे आणि नको त्या परत खुपसायचे. वडील गावातले पाळक, एकदा त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "तिसरीही नाही आवडली तर काय करशील?" आमोस ३:२, ते झडतीचं वचन, मात्र मी त्या डबीत कधी पाहिलं नाही. ३१ डिसेंबरच्या कार्डांतही ते मला आजवर भेटलेलं नाही.

आता आईशी कसं वागायचं. वाद घालू नका, वरचं काही वाचूनही दाखवू नका. अठराव्या शतकात विल्यम कूपर नावाचा इंग्रज कवी होता, पुष्कळ ख्रिस्ती गीतांचा कर्ता. १७७३ च्या सुरुवातीला त्याला एक स्वप्न पडलं आणि आपला नाश झाला, देवाने आपल्याला कायमचं टाकलं, असं त्याने धरलं ते आयुष्यभर. त्याचा पाळक मित्र जॉन न्यूटन स्वतः निवडीची शिकवण मानणारा. त्याने कूपरला तुझं नाव यादीत आहे की नाही ते तपासू, असं म्हटलं नाही. त्याला आपल्या घरी नेऊन वर्षभराहून जास्त सांभाळलं. कूपर बरा झाला नाही, पण एकटाही पडला नाही. तुम्हीही तसंच करा. पोळी न चालली तर पेज द्या. झोप लागत नसेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. हे सगळं प्रार्थनेवर सोडायचं नसतं.

शास्त्र वाचायचंच असेल तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. मग एकोणनव्वदावं. त्यात कवी देवाला तोंडावर म्हणतो, तू तुझ्या सेवकाशी केलेला करार मोडलास. आई जे म्हणते ते शास्त्रात आधीच लिहिलेलं आहे, देवळात गाण्यासाठी लिहिलेलं. तिला रागावलेली राहू द्या. कार्ड कुठे ठेवायचं, फाडायचं की जपायचं, हेही तिचं तिला ठरवू दे.

आणि ते गीत. शेवटच्या आठवड्यात मुलाने आईला म्हणायला सांगितलेलं गीत. मी त्याचा पुरावा करणार नाही, कारण पुरावा म्हटलं की कोणीतरी उलटतपासणी घेणारच. ते धरलं जावं की नाही हे ठरवायला कोणाची सभा बसलेली नाही. ते आईचं आहे. कधी संध्याकाळी तुम्ही दोघीच असाल तेव्हा एवढंच विचारा, कुठलं कडवं म्हणालीस? सांगेल किंवा नाही सांगणार.

भाच्यांबद्दल मला तुमच्यापेक्षाही जास्त काळजी वाटते, कारण मंडळीत असली वाक्यं मुलांपर्यंत फार लवकर पोहोचतात. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात देव म्हणतो, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही. वहिनीला विचारून दोघांना संडे स्कूलला तुम्ही स्वतः घेऊन जा. आत्या बरोबर असली की लोक तोंड जरा सांभाळतात. बापाबद्दल त्यांनी विचारलं तर तो चांगलाही होता आणि आजारीही होता, हे दोन्ही सांगा.

गट लगेच सोडू नका, पण आईला तिथे परत नेऊ नका. त्या भावांना एकटं गाठा, त्यांच्या बायकोसमोर असेल तर अधिक बरं. भांडू नका. नवव्या अध्यायाची पहिली तीन वचनं त्यांना मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, "भाऊ, माझ्या भावासाठी तुम्हाला असं वाटलं होतं का?" ते गप्प बसले तर माणूस बरा आहे, शिकेल, आईकडे येऊन माफी मागा एवढं सांगा. पुन्हा कुंभार आणि माती सुरू केलं तर गट सोडा, देऊळ सोडू नका. आणि पाळकसाहेबांना घरी बोलवा. आठ महिने झाले, ते दहनभूमी-कबरस्तानापलीकडे तुमच्या घरी आले की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील आले तर त्यांना तसं स्पष्ट सांगा.

येत्या डिसेंबरात कार्डं लिहायचं काम तुम्ही मागून घ्या. हे काम कोणाला नकोच असतं, लगेच देतील. यिर्मयाचं वचन लिहाल तर दहावं आणि अकरावं दोन्ही लिहा, सत्तर वर्षांसकट. आणि एका कार्डावर अनुवाद २३:७ लिहून गठ्ठ्यात मधे कुठेतरी सरकवून द्या. कोणाला निघालं ते मला कळवा.